बाबांच्या बायबलमधली प्रश्नचिन्हं (शास्त्रातल्या कुठल्या दोन गोष्टी तुम्हाला जुळत नव्हत्या?)

रानजाई
बाबांचं बायबल बांधणीला द्यायला काढलं. पुठ्ठा सुटलाय, उत्पत्तीची पहिली पानं हातातच येतात. देण्याआधी एकेक पान उलटत होते, आत कुणाची चिठ्ठी, फोटो राहिलाय का म्हणून. मत्तयच्या २७ व्या अध्यायाशी थांबले (येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं, मत्तय, मार्क, लूक, योहान, त्यातलं पहिलं). पाचव्या वचनाच्या शेजारी समासात पेन्सिलीनं बारीक लिहिलंय, 'प्रे. कृ. १:१८ ?' आणि तारीख, १४-४-८७.

ती रात्र मला आठवते. पवित्र आठवड्यातला मंगळवार होता, मी तेरा वर्षांची. मत्तय म्हणतो, येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या त्याच्या शिष्याने, यहूदाने, ते पैसे मंदिरात फेकले आणि जाऊन गळफास घेतला, त्या पैशातून याजकांनी कुंभाराचं शेत घेतलं. प्रेषितांच्या कृत्यांत (तेच समासातलं 'प्रे. कृ.') येशूचा दुसरा शिष्य पेत्र सांगतो, शेत त्यानेच घेतलं आणि तिथे पालथा पडून त्याचं पोट फुटलं. मी संडे स्कूलमध्ये विचारलं तर बाई म्हणाल्या, चांगल्या मुली असं विचारत नाहीत. घरी येऊन बाबांना विचारलं. ते जेवत होते. भाकरीचा तुकडा हातातच राहिला आणि म्हणाले, "मला माहीत नाही गं."

मला फार राग आला होता त्यांचा. गणिताचं कुठलंही उत्तर देणारा माणूस आणि इथे माहीत नाही म्हणतो! तो राग मनात कुठेतरी राहिलाच.

आता बघते तर त्या पेन्सिलीखाली निळ्या शाईत '९१. दोर तुटला असेल?' त्याखाली '९८. ओढूनताणून वाटतं.' आणि शेवटी हात थरथरायला लागल्यानंतरचं अक्षर, '२००६', आणि पुढे पुन्हा प्रश्नचिन्ह. म्हणजे माझा प्रश्न ते एकोणीस वर्षं घेऊन बसले होते आणि मला कधी बोलले नाहीत.

दोन दिवस नीट झोप नाही. तुमचे अनुभव लिहा ना. उत्तर सापडलं असो की नसो.

मीठभाकर
वाचून डोळे भरले गं. ऑफिसात आहे, रात्री लिहिते.

दत्तकपुत्राचा नातू
माझं येशूच्या वंशावळीचं. मत्तय १ मध्ये मरीयेच्या नवऱ्याचा, योसेफाचा, बाप याकोब, लूक ३ मध्ये एली. वर जाऊन दावीद राजापाशी एक त्याच्या शलमोन या मुलाकडून येतो, दुसरा नाथान या मुलाकडून. बायबल कॉलेजला होतो तेव्हा यावर रात्र रात्र वाद घातलेत.

मग आजोबा वारले आणि वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे सुरू झाले. आजोबा चुलत्याला दत्तक गेलेले. जन्माच्या घरची वंशावळ लिहिली तर त्यांचा बाप एक, सातबाऱ्यावर दुसराच. भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांनी दोन कागद लिहून दिले, दोन्हींत पणजोबांचं नाव वेगळं आणि दोघंही खरं बोलत होते. कार्यालयाच्या पायरीवर ते दोन कागद मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा एकदम मत्तय आणि लूक आठवले.

नंतर कळलं की तिसऱ्या शतकात ज्युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने जवळपास हेच सांगितलंय. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायातला नियम, भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या बायकोशी दुसऱ्या भावाने लग्न करायचं आणि पहिला मुलगा मेलेल्याच्या नावावर. म्हणजे योसेफाला एक बाप जन्माचा, एक कायद्याचा. युसेबियसने लिहिलेल्या चर्चच्या जुन्या इतिहासात आफ्रिकानसचं ते पत्र उतरवलेलं आहे. याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. मत्तयने चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडण्यासाठी मधले राजे गाळलेत, तेही आहेच. पण त्या पायरीनंतर मला तो प्रश्न टोचला नाही.

वसईची सून
दत्तकवाले, आमच्याकडेही सेम! सासऱ्यांच्या जमिनीचं अजून चालू आहे, अकरावं वर्ष. तुमचं मिटलं का?

दत्तकपुत्राचा नातू
मिटलं. दोन्ही कागद जोडले आणि वर प्रतिज्ञापत्र. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगतो.

नाईट ड्युटी
तीस वर्षं नर्स आहे, आता निवृत्तीला आले. माझी जागा म्हणजे येशूच्या दोन बाजूंना वधस्तंभावर दिलेले दोन चोर. मत्तय आणि मार्क म्हणतात दोघंही येशूची निंदा करत होते. लूक म्हणतो एकाने निंदा केली, दुसऱ्याने त्याला दटावलं आणि म्हणाला, तू आपल्या राजाधिकाराने येशील तेव्हा माझी आठवण कर.

पुरुष वॉर्डात एक पेशंट होता, पोटाचा कॅन्सर, शेवटचे दिवस. संध्याकाळी आठच्या राउंडला त्याने मला, डॉक्टरला, देवाला, सगळ्यांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. सलाईन उपटून टाकली. पहाटे तीनला बेल वाजली. गेले तर माझा हात धरून म्हणाला, सिस्टर, संध्याकाळचं मनावर घेऊ नका, आणि माझ्या नावाने प्रार्थना करा. साडेपाचला गेला.

आता आठला ड्युटी संपवून गेलेलीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, फार शिवराळ माणूस. मी म्हणेन, फार गोड गेला. दोघींचं खरं. जुन्या मंडळींनीही म्हटलंय की आधी दोघं निंदा करत होते, मग एकाचं मन फिरलं. मला ते पुस्तकातून नाही, त्या बेडवर कळलं.

रानजाई
नाईट ड्युटी ताई, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तिसरी_बाकडी
मी वेगळं लिहितो, राग येऊ देऊ नका. मी चर्च सोडलं याच कारणाने. अकरावीत हॉस्टेलला एकाने विसंगतींची यादी दिली. त्यातलं एक घेऊन पाळकांकडे गेलो. २ शमुवेल २४:१ मध्ये परमेश्वराचा कोप भडकला आणि त्याने दावीदाला शिरगणती करायला लावलं. १ इतिहास २१:१ मध्ये तीच शिरगणती, पण करायला लावणारा सैतान. पाळक म्हणाले, हा प्रश्नच सैतानाचा आहे, गुडघ्यावर ये. मी गुडघ्यावर आलो. उठलो तो बाहेर पडलो आणि परत गेलो नाही. आता बावीस वर्षं झाली.

नंतर स्वतः वाचलं. १ आणि २ इतिहास ही पुस्तकं यहूदी लोक बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर लिहिलेली, शमुवेलाच्या कितीतरी नंतरची. आधीचा लेखक सगळंच देवाच्या हातात बघतो. नंतरच्याला ते तसं लिहवत नाही, म्हणून मोहात पाडणारा वेगळा दाखवतो. म्हणजे त्यांच्यातलाच एक माणूस दुसऱ्याचं वाचून अस्वस्थ झाला होता! हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर? माहीत नाही.

रानजाई, तुमचे बाबा 'मला माहीत नाही' म्हणाले, याचा मला हेवा वाटतोय.

मीठभाकर
तिसरी_बाकडी, दादा, राग कसला. तुमच्याशी तसं बोलायला नको होतं, एवढंच म्हणेन.

पायस
सहमत. आमच्याकडे एकदा येऊन जेवून जा, चर्चचा विषय काढणार नाही.

मोडीवाचक
मी ख्रिश्चन नाही, पण लिहावंसं वाटलं. जुने मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवण्याचं काम करतो. मागे एका मित्राने विचारलं, २ राजे ८:२६ मध्ये यहूदाच्या राज्याचा अहज्या राजा झाला तेव्हा २२ वर्षांचा, २ इतिहास २२:२ च्या हिब्रू पाठात ४२ वर्षांचा, हे कसं? गंमत म्हणजे त्याच्या आधीच्याच अध्यायात त्याचा बाप ३२ व्या वर्षी गादीवर येतो आणि आठ वर्षं राज्य करून मरतो, म्हणजे चाळिसाव्या वर्षी. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! लिहिणाऱ्याला हे कळत नव्हतं असं कसं म्हणणार? काही ग्रीक आणि सिरियाक हस्तलिखितांत तिथे २२ च आहे.

मला यात नवल नाही वाटलं. मागच्याच महिन्यात एका कागदाच्या दोन नकला समोर होत्या. एकीत बिघे १२, दुसरीत ७२. भिंग घेऊन बघितलं तर पहिल्या आकड्याच्या पोटात शाई फुटलेली, कागद घडीवर फाटलेला. नकलकाराने जे दिसलं ते इमानाने उतरवलं. स्वतःच्या मनाने दुरुस्त केलं असतं तर मला चूक कधी सापडलीच नसती. पिढ्यानपिढ्या नकला करणाऱ्यांनी तो ४२ तसाच ठेवला, याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो.

वसईची सून
वा, किती छान लिहिलंत. माझे मिस्टर विचारताहेत मोडी शिकायला किती महिने लागतात?

मोडीवाचक
अक्षरं महिन्याभरात येतात. हात बसायला वर्ष.

पायस
आमच्या फादरनी कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या) मुलांना (आणि मागे बसलेल्या आम्हा आयांना) सांगितलेलं लिहिते. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानं गुंफून एकच सलग गोष्ट केली. सिरियातल्या मंडळ्या पाचव्या शतकापर्यंत तीच वाचायच्या. म्हणजे चार वेगळ्या साक्षी ठेवण्याची सक्ती नव्हती, एक गुळगुळीत गोष्ट हाताशी होती. तरी चर्चने चारच ठेवल्या, खाचाखोचांसकट. आणि ४०० च्या सुमारास संत ऑगस्टिनने चौघांचं कुठे कसं जमतं यावर आख्खा ग्रंथ लिहिला, म्हणजे हे प्रश्न आपले आजचे नाहीत.

माझ्या धाकटीने विचारलं, मग येशूच्या रिकाम्या कबरेपाशी देवदूत एक की दोन? मार्क एक तरुण म्हणतो, लूक दोन पुरुष. फादर म्हणाले, तुझ्या ताईच्या लग्नाचं तू सांग आणि आजीला सांगू दे. धाकटीच्या गोष्टीत फक्त बँडवाला आणि फुगे. आजीच्या गोष्टीत कोण जेवायला आलं नाही याची यादी.

त्यांनी १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेचं एक वाक्यही समजावलं होतं, की आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहून ठेवायचं होतं ते शास्त्र चूक न करता सांगतं. देवदूतांची हजेरी मोजणं हा त्याचा विषय नाही, हे मी माझ्या शब्दांत म्हणते.

नगरी मिरची
फुगे म्हणजे खायचे ना? तुमच्या वसईकडचे? आणि त्याबरोबरचं इंदेल! एकदाच खाल्लंय, मैत्रिणीच्या लग्नात. रेसिपी द्या कुणीतरी.

पायस
हो हो खायचे. इंदेलची देते, थांबा, सासूबाईंना प्रमाण विचारते.

कानाचं मशीन
दमास्कसच्या वाटेवर पौलाला प्रकाश दिसला आणि येशूची वाणी ऐकू आली, ती माझी जागा. प्रे. कृ. ९:७ मध्ये पौलाबरोबरच्या माणसांनी वाणी ऐकली, कुणी दिसलं नाही. २२:९ मध्ये पौल स्वतः म्हणतो, त्यांनी प्रकाश पाहिला पण बोलणाऱ्याची वाणी ऐकली नाही. ग्रीकमध्ये क्रियापद एकच, पण 'वाणी' वेगळ्या विभक्तीत येते. म्हणून काही जण म्हणतात, एकीकडे नुसता आवाज आणि दुसरीकडे शब्द समजणं. सगळ्या अभ्यासकांना हे पटत नाही.

मला का पटलं ते सांगते. आईला दोन्ही कानांना मशीन आहे. फोनवर ती दर वेळी म्हणते, "ऐकू येतंय गं, पण ऐकू येत नाहीये." एकाच वाक्यात दोन्ही. पूर्वी मी चिडायचे, आता मशीन नीट बसवून पुन्हा सावकाश बोलते.

मीठभाकर
आले. पोळ्या झाल्या. माझी जागा एकदम सोपी, नीतिसूत्रे २६. चौथं वचन, मूर्खाला त्याच्या मूर्खतेप्रमाणे उत्तर देऊ नको, तूही त्याच्यासारखा होशील. लगेच पाचवं, मूर्खाला त्याच्या मूर्खतेप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. शेजारी शेजारी! इथे नकलकाराची चूक नाही, दोन साक्षीदार नाहीत, मुद्दाम मांडलंय. चुलतदीर घरच्या ग्रुपवर काहीबाही टाकतात तेव्हा मी आधी चौथं वाचते. रविवारी मात्र पाचवं वाचलं आणि उत्तर दिलं. घरात अजून शांतता आहे.

नगरी मिरची
पौल आणि याकोब (पत्र लिहिणारा, योसेफाचा बाप नव्हे) यांच्या पत्रांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? रोमकरांस ३:२८, माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४, नुसत्या विश्वासाने नाही, कर्मांनी ठरतो. आणि दोघंही दाखला देतात तो अब्राहामाचाच! प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवतकाडीचं पत्र म्हटलं, पण बायबलमधून काढलं नाही हो त्याने.

आमचे आजोबा रोमकरांस पत्रावर तासभर बोलायचे. आजी तेव्हा ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला येणाऱ्या बायांची पोरं ओट्यावर घेऊन बसायची. सुकडीची पिशवी, एक पातेलं, पळी. उपासनेला कधी वेळेवर पोचली नाही. आजोबा एकदा चिडले तर म्हणाली, तुमचं होऊ द्या, मी पोरांचं आवरून येते. ती पळी माझ्याकडे आहे, दांड्याशी झिजलेली.

तिसरी_बाकडी
पायस, जेवायला येईन. खरंच येईन.

रानजाई
सगळं वाचलं, काही दोनदा. आज बायबल बांधणीला देऊन आले. आधी सगळी पानं तपासली, आणखी दहा ठिकाणी बाबांची खूण आहे. मत्तय २७:९ ला 'यिर्मया की जखऱ्या?' असं आहे (तिथे वचन यिर्मया संदेष्ट्याचं म्हणून दिलंय, पण तसे शब्द जखऱ्याच्या पुस्तकात आहेत), आणि दोन चोरांपाशी नुसती रेघ. नाईट ड्युटी ताई, तुमचं त्यांना वाचायला मिळायला हवं होतं.

बांधणीवाले काका म्हणाले, कडा काळ्या पडल्यात, तिन्ही बाजूंनी थोडं कापून देतो, नवं दिसेल. मी म्हटलं कापू नका, समासात लिहिलंय. त्यांनी चष्मा वर करून एक पान बघितलं, वाचलं, आणि पावतीवर 'कटिंग नाही' लिहून दोनदा अधोरेखित केलं. पुढच्या गुरुवारी मिळेल.

पायस
सासूबाई म्हणतात इंदेलला प्रमाण नसतं. तरी अंदाजाने उद्या टाकते, व्हिनेगर आणायचंय.