आमवातावर प्रतिकारशक्तीचा काढा?

कुणीतरी लिहिलंय की आमवातात म्हणजे र्‍हुमॅटॉइडमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून ती वाढवायचा काढा घ्या. अहो उलट आहे, ती कमी नसते, आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून गेलेली असते. टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतात तेव्हाच आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बऱ्याचशा तिथे मारल्या जातात, पण काही निसटतात आणि त्यांना आवरायला वेगळ्या टी-रेग पेशी असतात, जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवल्या त्या (२०२५ चं नोबेल त्यांना, ब्रंको आणि रॅम्सडेलना ह्याच विषयासाठी).

माझ्या मावशीला आहे हे, सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, चहाच्या डब्याचं झाकण काकाच उघडून देतात. तिला मेथोट्रेक्सेट चालू आहे, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची हं, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून तिने पाकिटावर स्केचपेनने 'रविवार' लिहून ठेवलंय. आता ह्या गोळीचं कामच प्रतिकारशक्तीला लगाम घालायचं आणि वरून तुम्ही ती वाढवायला काढा ढोसणार, कठीणे! शिवाय ह्या गोळीने लिव्हरवर ताण येतो आणि काही काढ्यांनीही येतो, त्यामुळे प्यायचाच असेल तर आधी र्‍हुमॅटॉलॉजिस्टला त्यात काय काय आहे ते दाखवा.