फिट्स थांबल्या, तरी मुलाचे लक्ष लागत नाही: सल्ला हवा आहे

माझा मुलगा चौथीत असून त्याला अ‍ॅब्सेन्स प्रकारचा अपस्मार (काही सेकंद भान हरपून टक लावून पाहण्याच्या फिट्स) आहे. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचे औषध सुरू झाल्यापासून त्याला फिट आल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही. तरीही फळ्यावरून उतरवून घेताना मधलेच शब्द गळतात आणि गणित अर्ध्यावर राहते. बाई त्याला वर्गात आळशी म्हणतात, त्यामुळे तो हल्ली शाळेत जायलाच नाखूश असतो. हा औषधाचा परिणाम असेल का? मी फार गोंधळून गेले आहे, जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
ताई, आधी एक कळकळीची विनंती: डॉक्टरांना न विचारता गोळी कमी करू नका, कारण ती एकदम बंद केल्यास मोठी फिट येण्याचा धोका असतो. आपली शंका मात्र रास्त आहे. याच प्रकारच्या अपस्मारावर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत इथोसक्सिमाइड व व्हॅल्प्रोएट या दोन औषधांचा फिट्सवर जवळजवळ सारखाच गुण आला, परंतु लक्षाच्या अडचणी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांत, तर इथोसक्सिमाइड घेणाऱ्या ३३ टक्के मुलांत दिसल्या. म्हणजे सगळा दोष गोळीवर टाकता येत नाही. फिट्स थांबल्या तरी अडचण मागे उरू शकते, आणि हे पालकांना कोणी वेळेवर सांगत नाही याचे मला वाईट वाटते. पर्यायी औषधाविषयी आपल्या न्यूरोलॉजिस्टना स्पष्टपणे विचारा.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. त्याआधी काही सेकंदांच्या फिट्स अजून नजरेआड होत नाहीत ना, हे ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी) करून पाहावे. बाईंना सांगावे की तो हरवल्यासारखा दिसला तर खांद्याला हात लावून पाहा; नुसती तंद्री असेल तर ती बहुधा मोडते, फिट मोडत नाही.

अपस्मार असलेल्या मुलांत एडीएचडी (लक्ष न लागणे व अतिचंचलता यांचा विकार) इतर मुलांपेक्षा बराच अधिक आढळतो, आणि त्यांच्यात दंगा करणाऱ्यांपेक्षा गप्प बसून भरकटणारी मुले जास्त असल्याने तो लवकर ध्यानात येत नाही. म्हणून बाल मानसतज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घ्या. गरज पडल्यास मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध देता येते. फिट्स आटोक्यात असतील तर ते सहसा सुरक्षित मानले जाते, मात्र तो निर्णय न्यूरोलॉजिस्टनीच घ्यावा. झोप पुरेशी होते का, हेही पाहा.

शाळेसाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. त्यात पहिल्या बाकावर जागा, एका वेळी एकच सूचना आणि लिहायला जादा वेळ एवढे नमूद असावे, आणि ‘आळशी’ हा शब्द वापरू नये, असेही आवर्जून लिहून घ्या.