मदत हवी आहे: डाउनलोड लावलं की डोंगल बंद पडतो
लॅपटॉप विंडोज १० चा, फोर-जी यूएसबी डोंगल, प्रीपेड सिम. साध्या ब्राउझिंगला काही अडचण नाही. मोठी फाइल लावली की पाच-सात मिनिटांत डोंगलचा दिवा विझतो, यूएसबी काढल्याचा आवाज येतो आणि मग तो पुन्हा आपोआप जोडला जातो. डाउनलोड मात्र गेलेलं असतं.

हेच सिम फोनमध्ये अखंड चालतं, म्हणजे रिचार्ज बरोबर; आणि डोंगलवर ब्राउझिंग होतं, म्हणजे त्यातला एपीएनही (मोबाइल इंटरनेटला जोडणारी सेटिंग) बरोबर. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी उपकरण झोपवणारी सेटिंग) बंद केलंय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये रूट हबची (लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टचा नियंत्रक) वीज वाचवण्याची टिकही काढलीय. फरक शून्य.

संशय विजेवर आहे. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, आणि सिग्नल कमजोर असला की डोंगलमधला मॉडेम जोर लावून जास्त करंट ओढतो. शिवाय डोंगल हात लाववत नाही इतका तापतो.

स्वतंत्र अडॅप्टरवाला यूएसबी हब (स्वतःची वीज असलेला जादा पोर्टचा डबा) घ्यावा, की एक्स्टेन्शन केबलने डोंगल खिडकीपाशी न्यावा? लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडतं, म्हणून केबल किती लांबीपर्यंत चालते हेही सांगा. डोंगल ईथरनेट म्हणून दिसतो, त्यामुळे मीटर्ड कनेक्शन (डेटा मर्यादित असल्याचं विंडोजला सांगणारी सेटिंग) हाताने चालू केलंय. अपडेट्सचा भार नाही.