जुन्या सर्व्हरला दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड टाकून नक्की काय होतं?

रॅकवाला
"ऑफिसचा जुना सर्व्हर रडतोय? दहा गिगाबिटचं कार्ड टाका, फायली दहापट वेगानं उघडतील." ही पोस्ट वाचली आणि राहवलं नाही.

साध्या एक गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११५ एमबी मिळतात. ७२०० आरपीएमची साधी डिस्कसुद्धा सलग वाचताना याहून जास्त देते, मान्य. पण ऑफिसात सलग वाचतं कोण? वीस जण एकाच वेळी बारक्या फायली उघडतात. तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, वर हेड सरकायचा वेळ. एक डिस्क सेकंदाला जेमतेम ८०-१०० विनंत्या उरकते. ४ केबीचे ब्लॉक धरले तर अर्धा एमबीही भरत नाही. तार रिकामी पडलेली असते आणि तुम्ही तीच रुंद करताय!

आधी रेड कार्डाची (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) बॅटरी बघा. ती मेली की बहुतेक कार्डं गुपचूप राइट-बॅक (आधी कॅशेत, म्हणजे कार्डाच्या मेमरीत लिहून 'झालं' म्हणणं) सोडून राइट-थ्रूवर (डिस्कवर लिहून होईपर्यंत थांबणं) जातात. रेड ५ मध्ये (डिस्क गेली तर माहिती परत मिळावी म्हणून जास्तीचा हिशेबही डिस्कांवर ठेवणारी मांडणी) एका बारीक लेखनामागे दोन वाचनं आणि दोन लेखनं असतात. कॅशे नसला की ते सगळं थांबणं वापरणाऱ्याच्या वाट्याला येतं.

सरळरेषा
अर्धंच सांगताय. रात्रीचा बॅकअप सलगच असतो ना? ४ टीबी गिगाबिटवरून काढायला दहा तास लागतात. सहा डिस्कांचा रेड सलग वाचताना ५०० एमबीच्या पुढे सहज जातो. तिथे तारच अडवते.

पोर्टदोन
मग दोन गिगाबिट पोर्टांचं एलएसीपी (दोन तारा मिळून एक वाट) करा, कार्ड कशाला?

सरळरेषा
कारण एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं. दहा जणांना फायदा होईल, एका बॅकअपला शून्य. हे किती वेळा सांगायचं?

तारतम्य
कार्डावर भांडताय, भिंतीतली केबल कोणी तपासली का? आयपर्फ३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवा. ९४ मेगाबिटच्या आसपास आकडा आला तर लाइन शंभर मेगाबिटवर उतरलेली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात. एक जोडी तुटली तरी दिवा लागतो आणि सगळ्यांना वाटतं सर्व्हर म्हातारा झाला.

पोर्टदोन
म्हणजे सगळीकडे कॅट ६ए (वरच्या दर्जाची केबल) ओढायची?

तारतम्य
कोण म्हणालं? २.५ गिगाबिट जुन्या कॅट ५ई केबलवर पूर्ण १०० मीटर चालतं. त्याचं कार्ड मदरबोर्डवरच्या पीसीआयई २.० च्या छोट्या एक्स१ खाचेतही मावतं, कारण तिथे सेकंदाला ५०० एमबीची वाट आहे. दहा गिगाबिटला मात्र कॅट ६ वर ५५ मीटरपर्यंतच भरवसा, त्यापुढे ६ए. आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल घेऊ नका. खोक्यावर कॅट ६ छापलं तरी ती त्या मानकात बसत नाही.

सरळरेषा
पंचिंग करताना (तारा सॉकेटात दाबून बसवताना) जोड्यांचा पीळ किती सोडता तेही सांगा. १३ मिमीपेक्षा जास्त उलगडला की महागडी केबलही वाया.

रॅकवाला
धागा सर्व्हरचा होता, तुम्ही भिंत फोडायला निघालात!

तारतम्य
भिंतीत दोष असताना सर्व्हरला बोल लावणं चूकच आहे. तुम्ही तरी लाइनचा वेग आधी बघायला कुठे सांगितलंत?

रॅकवाला
नाही सांगितलं. सांगायला हवं होतं. पण नवी डिस्क घालणाऱ्यांसाठी हेही लिहून ठेवा. एलएसआय १०६८ई चिपची जुनी डिस्क जोडायची कार्डं २ टीबीच्या वरची डिस्क पूर्ण ओळखत नाहीत. काही नव्या साटा डिस्कांच्या वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट पोचले की डिस्क फिरतच नाही. ती डिस्क मेलेली नसते, फक्त ती पिन टेपनं झाकायची. आणि एसएमआर डिस्क (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) रेडमध्ये नको. नॅससाठी (नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठी) विकलेल्या काही डिस्का एसएमआर निघाल्याचं २०२० मध्ये उघड झालं. रीबिल्डला (बदललेल्या डिस्कवर माहिती पुन्हा भरायला) त्या इतका वेळ खातात की कार्ड त्यांना बाद ठरवू शकतं.

सरळरेषा
आणि बॅकअपच्या तारेचं काय?

रॅकवाला
सर्व्हर आणि बॅकअपचं मशीन एकाच रॅकमध्ये असतील तर दोन्हीकडे एसएफपी प्लस (दहा गिगाबिटचं) कार्ड, मध्ये डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवलेली तांब्याची छोटी केबल). स्विचही नको. तेवढ्यापुरतं तुमचं खरं. बाकीच्या टेबलांना दहा गिगाबिट मी अजूनही देणार नाही.

सरळरेषा
बाकीच्या टेबलांना मीही मागितलं नव्हतं. फक्त त्या दोघांत एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवलात तर दोन्ही टोकांना ठेवा आणि ८९७२ बाइटचा, तुकडे न होऊ देणारा पिंग (चाचणीचं पॅकेट) टाकून बघा. एका टोकाला विसरलात तर छोटे पिंग जातात आणि मोठी फाइल मध्येच लटकू शकते.