गुगलवरून उचलणारच, मग शिकवायचं कशाला?

कुणीतरी म्हटलंय की शिक्षकांना कॉपीराइट शिकवून काय उपयोग, सगळे शेवटी गुगलवरूनच उचलणार. मला हे अजिबात पटत नाही. आम्ही काही जण मिळून सांगलीत विश्रामबागला झेडपीच्या शिक्षकांसाठी रविवारी कॉपीराइटचा मोफत कोर्स चालवतो आणि तिथं दिसतं ते असं, की उचलायची हौस कुणालाच नसते, बिनधास्त वापरता येईल असं कुठं मिळतं तेच कुणी सांगितलेलं नसतं. एक मॅडम कृष्णा नदीवर पीपीटी करत होत्या, त्यांना विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे मोकळेपणानं वापरता येणाऱ्या फोटोंच्या साइटवर, फोटो उघडून खालची लायसनची म्हणजे वापराच्या अटींची ओळ वाचायला लावली, तिथलं सीसी बाय एसए हे लायसन म्हणजे फोटो काढणाऱ्याचं नाव द्यायचं आणि बदल करून पुढं वाटलं तर तेही त्याच लायसनखाली, बास, लगेच कळलं आणि मग त्यांनीच शेजारच्या सरांना समजावलं.

आणि कायदा काय शिक्षकांच्या विरोधात नाहीये! १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ शिकवण्यापुरती कॉपी करायला मुभा देतं, पण त्याच कॉपीची पीडीएफ टेलिग्रामवर सगळ्यांना वाटली की मग गोष्ट वेगळी. शिवाय लेखक गेल्यावर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेलं लेखन मुक्त होतं. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे त्यांचं असं लेखन २०११ पासून कुणीही छापा, वाचून रेकॉर्ड करा. हे ऐकल्यावर वर्गात जो उत्साह येतो ना, तो बघायला या एकदा.

असा कोर्स घेणार असाल तर फक्त लेक्चर कमी ठेवा, प्रत्येकाला स्वतःचा एक धडा करून, लायसन लावून अपलोड करायला लावा.