बर्ड्स नेस्ट फर्न: मधली पानं काळी पडतायत, काय करू?

रंकाळाकाठ: कोल्हापुरात राजारामपुरीत दुसरा मजला, पश्चिमेची खिडकी. 6 इंची कुंडीत नर्सरीची लाल माती तशीच आहे. रोज पेलाभर बोअरचं पाणी मधोमध ओततो. कडा तपकिरी, मधली कोवळी पानं काळी, आणि पानांमागं तपकिरी रेघा. कीड असेल तर औषध सांगा.

ओली ओंजळ: औषध नको. मधल्या शिरेपासून तिरक्या, एकसारख्या अंतरावर रेघा असतील तर ते बीजाणू, म्हणजे फर्नची बियांसारखी भुकटी. पान जून झाल्याची खूण. खवले कीड असती तर ठिपके कसेही विखुरलेले दिसले असते, नखानं सुटले असते आणि पान चिकट लागलं असतं.

काळ्या पानांचं मात्र आजच बघा. सगळी पानं एकाच गाभ्यातून येतात. तो कुजला की झाड गेलं. पाणी कुंडीच्या कडेनंच घाला.

रंकाळाकाठ: पण जंगलात पाऊस मधोमधच पडतो की?

ओली ओंजळ: पडतो, पण तिथं हे फर्न मोठ्या झाडाच्या खोडावर चिकटलेलं असतं. वारा लागतो, पाणी निथळून जातं. बंद खोलीत तेच पाणी गाभ्यात दिवसभर साचतं.

कुंडीतलं गाव: खरी चूक मातीची. लाल माती भिजली की घट्ट बसते, मुळांना हवा मिळत नाही. त्याऐवजी हे मिश्रण भरा: नारळाच्या सोडणाचे 1 सेंमीचे तुकडे 2 भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1 भाग, कुजलेला पालापाचोळा 1 भाग, कोळशाचे तुकडे अर्धा भाग. कोकोपीट दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. कुंडी हीच ठेवा. मुळं थोडी असतात, मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते. गाभा मिश्रणाच्या वर राहू दे. महिनाभर खत नाही. नंतर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा. थंडीत तेही बंद.

पाणी वार ठरवून घालू नका. बोट इंचभर खुपसा, कोरडं लागलं तरच. एप्रिलात दोन-तीन दिवसांनी लागेल, जुलैत आठवडाभरही लागणार नाही.

ओली ओंजळ: कडा करपतात त्या तिसऱ्या प्रहराच्या उन्हानं, उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेनं आणि बोअरच्या क्षारांनी. कुंडी पूर्वेच्या खिडकीशी न्या, नाहीतर पातळ पडदा लावा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही, नवं पान कसं येतं ते बघा. आणि गुंडाळी उलगडत असलेल्या पानाला हात लावू नका, डाग कायमचा राहतो.