दिवसभर अक्षरं वाचायची असतील तर ओएलईडी टीव्हीचा मॉनिटर करू नका

अक्षरवेडा
हल्ली मॉनिटर कोणता घेऊ विचारलं की हमखास उत्तर येतं, ४२ इंची ओएलईडी टीव्ही घे. चित्र सुंदरच असतं, प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो नि स्वतः विझतो, मागे बॅकलाइट नाही त्यामुळे काळा म्हणजे खरंच काळा, यात वाद नाही. पण ज्याचं काम कोड, एक्सेल, लेखन असलं आहे त्याने या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ४२ इंचावर ४के (३८४० × २१६० पिक्सेल) म्हणजे इंचाला साधारण १०६ पिक्सेल, म्हणजे २७ इंची १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल) मॉनिटरच्या आसपासच, ४८ इंची घेतलात तर ९२ वर येता. वर या साइजच्या पॅनलमध्ये लाल-हिरव्या-निळ्यासोबत चौथा पांढरा सबपिक्सेल (पिक्सेलमधला एकेका रंगाचा छोटा ठिपका) असतो आणि विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोय) तीनच आहेत असं धरून अक्षर काढतं, मग अक्षरांच्या कडेला रंगीत किनार दिसते. देवनागरीत रफार, अनुस्वार, जोडाक्षरं आधीच बारीक, तिथे तर फारच खुपतं.

रात्रपाळी
अजिबात पटलं नाही. निम्म्या तक्रारी सेटिंगच्या असतात हो. टीव्हीत त्या इनपुटचा प्रकार 'पीसी' निवडला का? नसेल तर बरेच टीव्ही रंगाची माहिती कमी करून दाखवतात, ४:४:४ (प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण रंग) मिळत नाही आणि अक्षरं फुटतात, मग नाव ओएलईडीचं खराब. एचडीएमआय २.१ असलेलं ग्राफिक्स कार्ड आणि चांगली केबल लावा, ४के १२० हर्ट्झ पूर्ण रंगात चालतं. क्लिअरटाइप बंद करून ग्रेस्केल (रंगांऐवजी करड्या छटांनी कडा गुळगुळीत करणं) ठेवा, स्केलिंग (अक्षरं-चिन्हांचा आकार) १२५ टक्के करा, स्क्रीन हातभर मागे सरकवा, किनार शोधावी लागेल. मी याच स्क्रीनवर रोज कोड लिहितो, चार खिडक्या शेजारी शेजारी उघड्या असतात, दोन मॉनिटरमधली ती मधली पट्टी नाही, हे सुख वेगळंच आहे.

अक्षरवेडा
@रात्रपाळी मागे सरकवायला टेबल तेवढं खोल हवं ना. ९३ सेंटिमीटर रुंद पडदा नेहमीच्या टेबलावर ठेवला की कोपरे बघायला मान वळवावी लागते.

पांढरंपान
मूळ मुद्दा राहिलाच, ब्राइटनेस. ओएलईडीत पडद्याचा जितका जास्त भाग पांढरा तितका टीव्ही एकूण उजेड कमी करतो, वीज आणि उष्णता आवरायला. सिनेमात कळत नाही कारण पूर्ण पांढरी फ्रेम क्वचित येते, पण इथे मी डॉक्युमेंट मोठं केलं की सगळं मंद, लहान केलं की परत उजळ, दिवसभर हेच. शिवाय चित्र बराच वेळ स्थिर दिसलं की टीव्हीला वाटतं कोणी बघत नाहीये आणि तो हळूहळू अंधारत जातो, मी तिथे एक परिच्छेद शांतपणे वाचत असतो! काही जण सर्व्हिस मेनूत जाऊन ते बंद करतात, पण ती सोय पॅनल वाचवायलाच दिलेली आहे.

डार्कमोड
गेम, सिनेमा, फोटो असेल तर डोळे झाकून घ्या. रिस्पॉन्स टाइम (पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ) एवढा कमी की हलत्या चित्रामागे शेपूट राहत नाही. गेम मोड (चित्र उशीर न करता दाखवणारी सेटिंग) मात्र चालू ठेवा.

जुनाजाणता
आणि बर्न-इन (स्थिर चित्राचा पडद्यावर कायमचा राहणारा डाग)? ऑर्गॅनिक मटेरियल वापराने झिजतं, त्यात निळं सगळ्यात लवकर. टास्कबार, ब्राउझरची वरची पट्टी, एक्सेलचे मेन्यू रोज त्याच जागी, म्हणजे तेवढाच भाग वेगळ्या वेगाने झिजणार.

रात्रपाळी
@जुनाजाणता धोका आहे, नाकारत नाही, पण काळजी घेता येते. टास्कबार लपवा, काळं वॉलपेपर, डार्क थीम, ब्राइटनेस गरजेपुरता. आणि मेन स्विच बंद करू नका! काही तासांचा वापर साठला की टीव्ही स्टँडबायमध्ये स्वतः पॅनल सावरण्याची एक फेरी करतो, वीजच तोडली तर ती होणार कशी?

जुनाजाणता
म्हणजे पडदा वाचवायला मी माझी कामाची पद्धत बदलायची. कॉम्प्युटर झोपला तरी टीव्ही रिमोटनेच बंद करायचा, डिस्प्लेपोर्ट (कॉम्प्युटर मॉनिटरला जोडायचा पोर्ट) नाही, पांढऱ्या पानावर काम नको. एवढ्या अटी असतील तर मी सरळ २७ इंची ४के आयपीएस (बॅकलाइटवाला एलसीडी) मॉनिटर घेईन, इंचाला १६३ पिक्सेल, आणि ओएलईडी टीव्ही सिनेमासाठी सोफ्यासमोर.

रात्रपाळी
२७ इंचावर ४के म्हणजे स्केलिंग १५० टक्के, मग जागा उरते १४४०पी एवढीच. मला जागा हवी आहे, म्हणून मी टीव्हीच ठेवणार.